जागरण आणि डाव

मंडळी, मुशायऱ्यात रात्र जागवली तर फार तर एखादा शेर फसतो. कॅसिनोतल्या पोकर स्पर्धेत मात्र जागरणाची किंमत रोख मोजावी लागते.

या स्पर्धेत सक्तीची पैज ठरावीक वेळाने वाढत जाते आणि खेळ मध्यरात्र ओलांडतो. खरे कसब असते ते पत्ते टाकून देण्यात. बहुतेक डाव सोडायचे, चांगल्याची वाट पाहायची. अपुऱ्या झोपेने नेमका हाच संयम सुटतो.

अमेरिका आणि सिंगापूरच्या संशोधकांनी २०११ साली २९ तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक रात्र जागल्यावर पैशांचे पर्याय निवडताना त्यांचे लक्ष तोटा टाळण्यावरून जास्त नफ्याकडे वळले. हा बदल सतर्कता घटण्याहून वेगळा होता. म्हणजे कॉफीने डोळे उघडतील, हिशेब सुधारेलच असे नाही.

त्यात अनेक स्पर्धांत बाद झालेल्याला काही वेळ पुन्हा पैसे भरून बसता येते. माझा भाचा पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोत खेळायला जातो. त्याला मी एवढेच सांगतो, 'बेटा, झोप झाली नसेल तर दुसऱ्यांदा पैसे भरू नकोस. थकवा आपल्याला कळतो. फुगलेली आशा कळत नाही.'