पाते वाकू नये म्हणून

जुन्या हत्यारांच्या संग्रहात करवतींसमोर पाहणारा थबकतो तो त्यांच्या आकारांमुळे. जपानच्या लाकूडचिऱ्यांची करवत फूटभर किंवा त्याहूनही रुंद असे, तर बंगालच्या शंखकारांची अर्धचंद्राकृती. इंग्लंडमधली ओंडके चिरायची करवत माणसाच्या उंचीपेक्षा लांब, आणि रोमन काळात संगमरवर कापणाऱ्या पट्टीला तर दातच नसत. असे आकार पाहिले की कोणी हौस म्हणतो, कोणी परंपरा, कोणी सरळ मागासलेपण. या तिन्ही उत्तरांनी माझे समाधान होत नाही. बहुतेक विचित्र करवतींच्या मुळाशी एकच अडचण आहे. पाते पातळ हवे, कारण जाड पात्याने लाकडाचा भुसा फार होतो आणि कापणाऱ्याचा दमही जातो; पण पातळ पात्याला मागून रेटले की ते वाकते. ही अडचण कुणी कशी सोडवली हे कळले, की त्या करवतीचा आकार आपोआप उलगडतो.

सर्वांत जुने उत्तर प्राचीन इजिप्तमध्ये दिसते. तिथल्या सुतारांकडे तांब्याची आणि काशाची पाती होती. असे मऊ पाते ढकलले तर दुमडणार, म्हणून दात मुठीच्या दिशेने झुकवलेले असत आणि कापणे व्हायचे ते ओढताना. ओढलेली पट्टी ताणली जाते, ताणलेली पट्टी वाकत नाही. थीब्ज इथे वजीर रेखमिरे याच्या थडग्यातल्या चित्रांत, म्हणजे इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात, फळी उभ्या खांबाला घट्ट बांधून ती वरून खाली चिरणारा सुतार दाखवला आहे. फळी आडवी का ठेवली नाही, याचे कारण ओढण्यात आहे. उभ्या फळीवर करवत ओढताना माणसाच्या अंगाचे वजनही कामाला येते. रोमन सुतारांनी दुसरी वाट काढली. लोखंडाची अरुंद पट्टी त्यांनी लाकडी चौकटीत बसवली आणि वरच्या दोरीला पीळ देऊन ताणली. ताण चौकटीतूनच मिळाल्यावर पाते ओढा किंवा ढकला, फरक पडत नाही. दगड कापताना तर त्यांनी दातच काढून टाकले. पट्टीखाली वाळू टाकायची आणि वाळूने दगड झिजवायचा. कापते ती वाळू, लोखंड केवळ तिला दाबून धरते, हे प्लिनीने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवले आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ओढायची करवत ही खराब धातूच्या काळातली सोय, चांगले पोलाद आल्यावर शहाणे लोक ढकलू लागले. इंग्लंडकडे पाहिले तर हे पटते. शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात मुशीतले पोलाद तयार करायला सुरुवात केली, आणि पुढे शेफिल्डच्या रुंद, ताठ पात्यांच्या हातकरवतींनी जगाची बाजारपेठ व्यापली. पण त्याच इंग्लंडात सर्वांत अवघड काम, म्हणजे अख्खा ओंडका उभा चिरून फळ्या काढणे, ज्या करवतीने होत असे ती पाहावी. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवत. एक माणूस ओंडक्यावर उभा राही, दुसरा खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या मधे सहा-सात फुटांचे पाते, वर रुंद, खाली निमुळते. वरचा करवत उचली आणि रेषेवर नजर ठेवी. खालचा ती खाली ओढी, आणि दात कापत ते याच फेरीत. पाते दोघांपैकी कोणीही ढकलत नाही. वरचा वर ओढतो, खालचा खाली, म्हणून चौकट नसतानाही ते ताणलेले राहते. खालची मूठ म्हणजे खाच पाडलेला लाकडी ठोकळा. तो पात्यावर सरकवायचा आणि पाचर ठोकून आवळायचा. पाचर सैल केली की ठोकळा निघतो आणि सगळे पाते चिरेतून वर काढता येते, धार लावायला किंवा ओंडक्याखालच्या आडव्या टेकूपलीकडे न्यायला. ही मूठ सुटी का ठेवली याचे उत्तर त्या खड्ड्यातच आहे. पोलाद उत्तम असूनही हे लोक ओढतच होते, कारण इतक्या लांब पात्याला ढकलणे कुठल्याच पोलादाला झेपले नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जपानकडे तलवारी घडवण्याजोगे पोलाद होते, ओंडकेही प्रचंड. तरी तिथे लहान-मोठी जवळपास प्रत्येक करवत ओढायची. मग धातूचा काय संबंध, ही तर सवय! सवयीचा वाटा मी नाकारत नाही. जपानी सुतार पुष्कळदा जमिनीवर बसून काम करी, आणि बसलेल्या माणसाला ढकलण्यापेक्षा ओढणे सोपे. आपल्याकडेही अनेक भागांत सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून, दात मुठीकडे असलेली करवत ओढत आला आहे. पण जपानी लोहाराने ओढण्यातून जे मिळवले ते सवयीपलीकडचे आहे. पाते वाकण्याची भीती गेल्यावर त्याने ते जास्त कडक आणि जास्त पातळ केले. पाते पातळ झाल्यावर चीरही अरुंद झाली आणि सुगी-हिनोकीसारख्या मऊ लाकडात कमी श्रमात स्वच्छ काप मिळाला.

मग ती फूटभर रुंद करवत कशासाठी? जपानमध्ये पूर्वी पाचरी मारून ओंडके फोडत आणि वाकसाने तासून फळ्या काढत. पंधराव्या शतकाच्या सुमारास दोन माणसांनी ओढायची, चौकटीतली मोठी करवत वापरात आली. पुढे तिची जागा एका माणसाच्या ‘माएबिकी ओगा’ या करवतीने घेतली. एकटा माणूस दुसऱ्या टोकाला ताण देऊ शकत नाही, चौकट असली तर ती रुंद ओंडक्याला अडते. म्हणून पातेच इतके रुंद केले की चिरेच्या दोन भिंतींमध्ये ते सरळ धरून राहावे. रुंदीने इथे चौकटीचे आणि दुसऱ्या माणसाचे काम केले. होकुसाईने 1830 च्या सुमारास फुजी पर्वताच्या चित्रमालिकेत तोतोमी प्रांतातली अशी माणसे दाखवली आहेत: तिरक्या टेकवलेल्या अजस्र तुळईवर एकजण उभा राहून चिरतो आहे, एकजण खालून, आणि तिसरा खाली बसून करवतीच्या दातांवर कानस चालवतो आहे. त्या तिसऱ्याकडे माझे विशेष लक्ष जाते. करवतीच्या कामाचा मोठा भाग दात घासण्यात जातो, हे ज्याने जवळून पाहिले त्यालाच असे चित्र सुचेल.

शंखकारांची करवत याच दृष्टीने पाहावी. शंख लाकडापेक्षा कितीतरी कठीण आणि गोल, घसरणारा. ढाक्याच्या शांखारी बाजारात कारागीर जमिनीवर बसून शंख पायाच्या आधाराने पक्का धरी आणि दोन्ही टोकांना मुठी असलेले जड, अर्धचंद्राकृती पाते डावी-उजवीकडे चालवी. बाकदार धारेचा थोडाच भाग एका वेळी शंखाला भिडतो, म्हणून पात्याचे सगळे वजन त्या जागी येते, आणि पाते खोल असल्यामुळे ते ताठ राहते. बंगाली सुवासिनींच्या हातातली शुभ्र शांखा, म्हणजे शंखाची बांगडी, शतकानुशतके अशा करवतीतून निघाली.

प्रत्येक गोष्टीला उपयोगाचे कारण असतेच असा हट्ट मात्र धरू नये. एकोणिसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य हातकरवतींच्या पाठीवर, टोकाजवळ, एक लहानसा उंचवटा असतो. तो कशासाठी यावर संग्राहकांनी तऱ्हेतऱ्हेचे तर्क केले. फिलाडेल्फियाच्या डिस्टन कंपनीने मात्र आपल्याच पुस्तिकेत सांगून टाकले होते की तो निव्वळ शोभेचा आहे. असे अपवाद असणारच. पण ते पात्याच्या कडेला राहतात. दातांचा झुकाव, पात्याची रुंदी, मुठीची जागा यांत शोभेला फारसा वाव नसतो.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे आणि कुलुपे जमवली म्हणून त्या वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी आपल्याला आली. सुतारांच्या करवतींना ती अजून मिळायची आहे. माळ्यावर किंवा वखारीत जुनी करवत सापडली तर भंगारात देण्याआधी दात कुठल्या बाजूला झुकले आहेत ते पाहा. गंज काढायला ग्राइंडर लावू नका, त्याने कानशीच्या खुणा पुसल्या जातात. आणि ती वापरलेला म्हातारा सुतार गावात असेल तर तो ती कशी धरी, कुठे बसे, लाकूड कशाने दाबे, हे विचारून लिहून ठेवा.