पेठेचे दृश्यरूप आणि त्याचे व्याकरण

ऐतिहासिक नगरभागाचे दृश्यरूप जतन करावयाचे म्हणजे नेमके काय राखावयाचे, हा प्रश्न पुण्याच्या जुन्या पेठांच्या संदर्भात विचारार्ह आहे. शनिवारवाड्याचा तट, विश्रामबागवाडा (१८०७) अशा निवडक वास्तू सुरक्षित राहिल्या म्हणजे पेठेचे रूप टिकले, असा समज आढळतो. परंतु शब्दसंग्रह म्हणजे भाषा नव्हे. पदांचा परस्परसंबंध ठरविणाऱ्या व्याकरणाविना वाक्य संभवत नाही.

पेठेचे व्याकरण रस्त्याच्या रेषेत आहे. वाडे एकमेकांस लागून, थेट रस्त्याच्या कडेस उभे. तळमजल्याच्या बाह्य भिंतीस खिडक्या मोजक्या. थोरल्या दरवाजात लहानशी दिंडी, आत देवडी आणि त्यापुढे उजेडाचा चौक. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे कोसळले. पुढील काळात वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या बऱ्याच इमारती रस्त्यापासून मागे सरल्या, तळाशी वाहनांची जागा आली आणि ती रेषा खंडित झाली.

नव्या घरास जुनी महिरप चिकटविल्याने ही हानी भरून निघत नाही. याउलट रस्त्याची रेषा, उंचीचे प्रमाण आणि दारामागील चौक ज्याने राखला, ते घर साधे असले तरी त्याच भाषेतील नवे वाक्य ठरते. म्हणून संरक्षणाच्या नियमांत वास्तूंच्या सूचीइतकेच या संबंधांनाही स्थान असणे अगत्याचे आहे.