काळा पाव आणि भट्टीवाला

जर्मनीतील वेस्टफालियाचा पंपरनिकल हा मुळात गरिबांचा पाव. रेताड, थंड जमिनीत गहू नीट येत नाही. तिथे राय हे धान्य तग धरते. त्याचा जाड भरडा भिजवायचा, आंबवणात मुरवायचा आणि झाकणबंद साच्यांत घालून मंद आंचेत निदान १६ तास भाजायचा. पावाचा काळा रंग या दीर्घ आंचेतून येतो.

पण भट्टीपाशी जागणाऱ्या माणसाचे काय? १९१५ साली, महायुद्धात धान्य वाचावे म्हणून, जर्मनीत रात्री पाव भाजण्यास बंदी झाली. १९१८ च्या क्रांतीनंतर तीच बंदी कामगारांचे संरक्षण म्हणून कायम झाली. १९९६ मध्ये ती उठली. पाव खुशाल १६ तास भट्टीत राहो. माणसाने राहू नये, एवढेच माझे म्हणणे.