सोळा कोटींच्या आधी रक्ताचा एक थेंब

२०२१ साली मुंबईतल्या एका तान्हुलीच्या इंजेक्शनसाठी लोकवर्गणीतून सुमारे १६ कोटी रुपये उभे राहिले, केंद्रानेही त्यावरचे कर माफ केले. चर्चा सगळी किमतीची झाली. खरे तर या उपचारात पैशाइतकाच वेळही महाग असतो. आजार होता स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए. एसएमएन१ हे जनुक निकामी असले की स्नायूंना हलवणाऱ्या, मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरू लागतात. बाळ मान धरत नाही, रडणे क्षीण होते, श्वास घेताना छाती आत ओढली जाते आणि पोट तेवढे फुगते. झोल्जेन्स्मा हे औषध एएव्ही९ या विषाणूच्या कवचातून त्या जनुकाची धड प्रत पेशींपर्यंत पोचवते. पण मेलेली चेतापेशी त्याने परत येत नाही. म्हणूनच लक्षणे दिसण्याआधी, जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत औषध दिलेल्या बाळांची चाचणी बोलकी ठरते. त्यांतली सर्वांत तीव्र प्रकाराचा धोका असलेली चौदाच्या चौदा बाळे आधाराशिवाय बसली. उपचाराविना अशी बाळे सहसा कधीच बसत नाहीत.

लक्षणांआधीच औषध द्यायचे तर नवजात बाळांचे रक्त तपासायला हवे. औषधच परवडत नसेल तर आधी तपासून काय साधणार, हा आक्षेप रास्त आहे. दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातली ५० लाखांपर्यंतची मदत इथे तोकडीच पडते. पण किंमत काळ्या दगडावरची रेघ नाही. पवईच्या आयआयटीत जन्मलेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरच्या जनुकाधारित उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे तीस-चाळीस लाखांत आला. अर्थात तिथे पेशी शरीराबाहेर काढून विषाणूकरवी बदलतात. एसएमएत विषाणू थेट शिरेतून जातो आणि तोही प्रचंड संख्येने, त्यामुळे पवईचा हिशेब जसाच्या तसा लागू होणार नाही. विषाणू इथेच बनवण्याचे कसब मात्र दोन्हीकडे लागते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. २०२२ मध्ये झोल्जेन्स्मा दिल्यानंतर यकृत निकामी होऊन दोन मुले दगावली, हे विसरून चालणार नाही. पण मात्रा वजनावर ठरते. बाळ जितके लहान, तितका विषाणूचा भार कमी. म्हणजे हा धोकाही लवकर निदानाच्याच बाजूने बोलतो.

एसएमएसाठी नवजातांची देशव्यापी तपासणी आपल्याकडे नाही. ती सुरू व्हायला मुंबईतल्या कूपर किंवा राजावाडीसारख्या पालिका रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षांइतकी योग्य जागा नाही. टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब गाळणकागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवायचा असतो. महापालिकेने एवढे तरी सुरू करावे.