'म्हणून'च्या आधी काय दडलंय?

काल क्लॅट या कायद्याच्या पदवी प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने सरावाचा प्रश्न पाठवला: 'ग्रंथालयात बसणाऱ्या मुलांना जास्त गुण मिळतात, म्हणून ग्रंथालयात बसल्याने गुण वाढतात.' सर, यात चूक काय?

मुळात अभ्यासू मुलंच ग्रंथालयात जात असतील तर? दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही.

क्लॅटच्या १२० प्रश्नांपैकी साधारण २२ ते २६ तर्काचे असतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, त्यामुळे अंदाजपंचे नको.

मी मुलांना आधी निष्कर्ष अधोरेखित करायला लावतो. मग न बोलता काय गृहीत धरलंय, ते शोधायचं. 'युक्तिवाद कमकुवत करा' म्हटलं की योग्य पर्याय बहुतेकदा त्या गृहीतकावरच घाव घालतो. उताऱ्याच्या विषयावरचं आपलं मत मात्र बाजूला ठेवायचं. हेच सगळ्यात जड जातं.

आणखी एक सापळा. 'पाऊस पडला की अंगण भिजतं. अंगण भिजलंय, म्हणजे पाऊस पडला.' अहो, कुणी सडा घातला असेल! अंगण कोरडं असेल, तर मात्र पाऊस पडला नाही हे नक्की.

अडलेला प्रश्न जरूर विचारा. कोणता पर्याय निवडलात आणि का, तेही लिहा.