समूह, कुटुंब आणि परिचारिका



ज्या शाळेने मला लिहिते-बोलते केले, तिच्या स्मृतिव्याख्यानात मनोरुग्णांच्या परिचर्येविषयी बोलताना मला संकोच वाटतो आणि कृतज्ञताही वाटते. आजचा विषय औषधांचा नाही. संवादातून होणाऱ्या उपचारांचा आहे.

संस्थानकाळी हैदराबादचे मनोरुग्णालय जालन्यास होते. पुढे ते या शहरात एर्रागड्ड्यास आले. रुग्णाला घरापासून दूर ठेवावे, अशीच त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. १९५०च्या दशकात अमृतसरच्या डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू उभारून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहावयास बोलाविले आणि कुटुंबाला उपचारात सहभागी करून घेतले. १९७२ मध्ये ब्राउन, बर्ली आणि विंग या इंग्लंडमधील संशोधकांनी दाखविले की, स्किझोफ्रेनियाचा रुग्ण सतत टीका करणाऱ्या, वैरभाव बाळगणाऱ्या वा अतिकाळजीने ग्रासलेल्या घरात परतला, तर आजार उलटण्याचे प्रमाण वाढते. याचा अर्थ घर हे आजाराचे कारण आहे असा नव्हे; घरातील बोलण्याची रीत बदलल्यास रुग्णाला आधार मिळतो, असा आहे.

ही रीत बदलण्यास साहाय्य करताना परिचारिकेने कोणाचीही बाजू घेऊ नये, हे पहिले तत्त्व. ते मी माझ्या चुकीतून शिकले. एका मराठी कुटुंबाच्या बैठकीस आई, आजारी मुलगा आणि तेलुगूभाषक सून असे तिघे आले होते. मी मराठी आहे हे कळताच आई म्हणाल्या, "ताई, तुम्ही आपल्यातल्या. तुम्हीच सांगा हिला." मी सहानुभूतीने ऐकत राहिले. तासभर सारे मराठीतच चालले. नवऱ्याला रोज गोळ्या देणारी ती सून भिंतीकडे पाहत बसली होती. पुढील बैठकीस ती आली नाही. गोळ्या सुटल्या आणि मुलाला पुन्हा दाखल करावे लागले. मायबोलीच्या जिव्हाळ्यात मी नकळत एका पक्षाची झाले होते. तेव्हापासून मी आरंभीच विचारते, "सर्वांना समजेल अशी भाषा कोणती?" आपल्या शहरात उत्तर बहुधा दखनी असे येते. मग जो गप्प आहे, त्याचे म्हणणे आधी ऐकते.

समूहोपचारातही हेच तत्त्व लागू पडते. १९०५ साली बोस्टनच्या डॉ. प्रॅट यांनी क्षयरोग्यांना एकत्र बसविण्यास आरंभ केला. 'हे दुःख माझ्या एकट्याचे नाही' ही जाणीव अशा समूहाचे बळ असते. सात-आठ जण वर्तुळात बसतात. वेळ ठरलेली असते आणि येथील गोष्ट बाहेर न्यावयाची नाही, हा नियम प्रत्येक वेळी सांगितला जातो. कोणी म्हणाले, "मला आवाज ऐकू येतात," तर परिचारिकेने उत्तराची घाई करू नये. शेजारचा रुग्ण "मलाही येत असत" असे म्हणतो, तेव्हा माझ्या दहा वाक्यांहून त्या एका वाक्याने अधिक धीर येतो. शांतता सोसणे, हेही आमच्या कामाचे एक अंग आहे.

ती सून काही महिन्यांनी परत आली. त्या दिवशी सासूबाईंनी प्रथमच तिला दखनीत विचारले, "तू थक गई क्या?" सून रडली आणि मग बोलू लागली. मी त्या वेळी काहीही बोलले नाही.