बोंड फोडून पाहणारी मुलं

खरीप रंगात आला की वर्तमानपत्रांच्या तालुक्याच्या पानावर एक बातमी हमखास दिसते. अमुक गावात कृषिकन्यांनी बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक दाखवलं, तमुक गावात कृषिदूतांनी माती परीक्षणाचं महत्त्व सांगितलं. सोबत फलक धरून उभी मुलं, सरपंच आणि चार शेतकरी असा फोटो. वाचक ती बातमी ओलांडून पुढे जातात. पण त्या फोटोमागे कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातलं एक अख्खं सत्र असतं, आणि या मुलांच्या शिक्षणातला सर्वांत मोलाचा काळ कदाचित तोच असतो.

कागदोपत्री त्याचं नाव ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’, मुलांच्या तोंडी इंग्रजी आद्याक्षरांवरून नुसतं ‘रावे’. १९९२ साली रंधावा समितीने कृषी शिक्षणात या कार्यानुभवाची शिफारस केली. २०१५ मध्ये तो ‘स्टुडंट रेडी’ या देशपातळीवरच्या कार्यक्रमाचा भाग झाला. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे विद्यार्थी सातव्या सत्रात त्यासाठी बाहेर पडतात. काही आठवडे गावात शेतकऱ्यासोबत, काही कृषी विज्ञान केंद्रात, तर काही शेतमालावर चालणाऱ्या एखाद्या उद्योगात.

गावात गेल्यावर पहिलं काम असतं गाव समजून घेण्याचं. देवळासमोर किंवा ग्रामपंचायतीच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, पण तो गावकऱ्यांना विचारून, शक्यतो त्यांच्याच हातून. कुठल्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकतं, चिबड जमीन कुठून सुरू होते, जनावरं कुठल्या वाटेने चरायला जातात, हे सातबाऱ्यावर सापडत नाही. इथे मुलांना बोलणं आवरून ऐकावं लागतं. कृषिकन्यांना आणखी एक गोष्ट कळते. बायकांशी निवांत बोलायचं तर दुपारची सभा उपयोगाची नसते. निंदणी, दूधदुभतं आणि रात्रीचा स्वयंपाक उरकल्यावरच त्यांना वेळ मिळतो.

खरी कसोटी लागते शेतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाचंच घ्या. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान केलं. ही अळी अगदी लहान असतानाच बोंडात शिरते आणि आत जाण्याचं छिद्र नंतर बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, निरोगी दिसतं. म्हणून शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडं तोडायची आणि एकेक फोडून पाहायचं. त्यांतल्या दोन बोंडांत अळी किंवा तिने केलेलं नुकसान दिसलं, म्हणजे दहा टक्के झाले. फवारणीची वेळ आली. पुस्तकात याला ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणतात आणि परीक्षेत त्याची व्याख्या लिहिली की गुण मिळतात. बांधावर उभा शेतकरी व्याख्या विचारत नाही. तो विचारतो, “मग फवारू का नको?”

फवारा म्हटलं तर औषधाचा आणि मजुरीचा खर्च त्याच्या खिशातून जाणार. नको म्हटलं आणि अळी वाढली, तर पीक त्याचंच जाणार. आपल्या उत्तरावर दुसऱ्याचा पैसा लागलेला आहे ही जाणीव वर्गात कितीही तास बसून येत नाही. ती आली की मुलं घाईने सल्ला देणं सोडतात. आणखी दोन ठिकाणची बोंडं फोडतात, कामगंध सापळ्यात रात्रभरात किती पतंग अडकले ते मोजतात, आणि तरीही शंका राहिली तर मार्गदर्शक शिक्षकांना फोन करतात.

बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचंही तसंच. एक किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी: परीक्षेतलं उत्तर एका ओळीत संपतं. प्रत्यक्षात मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवावा लागतो, चुना गाळून घ्यावा लागतो, मग दोन्ही द्रावणं एकत्र करायची. दुकानातून आणलेला चुना जुना, हवा लागलेला असेल तर तेवढ्याच वजनाने काम भागत नाही. म्हणून तयार मिश्रणात लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला; चुन्याची निवळी आणखी घालायची, नाहीतर मोकळ्या राहिलेल्या तांब्याने पानं करपतात. फवारणीही त्याच दिवशी उरकावी लागते. कोकणात सुपारीच्या बागा असलेल्या घरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि तिथे शिकवायला गेलेली मुलं बऱ्याचदा शिकून येतात.

सर्वांत कमी चर्चा होते ती खर्चाच्या तक्त्याची. मुलांना शेतकऱ्याकडून पिकाचा हिशेब भरून घ्यायचा असतो. बियाणं, खत, औषध, मळणी हे आकडे भराभर येतात. घरच्या माणसांच्या कामाचा रकाना मात्र रिकामाच राहतो, कारण घरच्या बाईने केलेल्या निंदणीची मजुरी त्या घरात कुणी कधी मोजलेलीच नसते. हमीभावाच्या चर्चेत ‘ए-टू’ आणि ‘सी-टू’ हे शब्द सतत येतात. पहिल्यात फक्त प्रत्यक्ष झालेला खर्च धरतात; दुसऱ्यात घरच्यांचे श्रम, स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही येतं. तो रिकामा रकाना समोर बसून भरताना या वादात काय पणाला लागलंय ते विद्यार्थ्याला उमगतं. पुढे त्यांतले काही जण बँकेत कृषी अधिकारी होतात, काही स्पर्धा परीक्षेतून प्रशासनात जातात. तिथे पीककर्जाचा अर्ज किंवा नुकसानीचा पंचनामा समोर आला की हा हिशेब त्यांच्या कामी येतो.

हे सगळं घडतं ते कार्यानुभव मनापासून केला तर. फलक, फोटो, बातमी आणि आदल्या वर्षीच्या अहवालावरून उतरवलेला अहवाल एवढ्यावरही तो उरकता येतो, आणि तसं होतं तेव्हा गावाचा आणि विद्यार्थ्याचा, दोघांचाही वेळ फुकट जातो. वेळापत्रकाचीही अडचण आहे. सत्र सुरू होऊन मुलं गावात स्थिरावेपर्यंत खरिपाची पेरणी बहुतेक झालेली असते. अशा वेळी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक पाहून शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही. तेच ऑक्टोबरात, हरभऱ्याच्या पेरणीआधी केलं, मर रोगासाठी ट्रायकोडर्मा आणि नत्रासाठी रायझोबियम त्याच्याच बियाण्याला त्याच्याच अंगणात चोळून दिलं, तर दुसऱ्या दिवशी ते बियाणं मातीत जातं. महाविद्यालयांनी दरवर्षी नवं गाव न शोधता त्याच गावात पुन्हा मुलं पाठवावीत आणि अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. मग पुढच्या तुकडीला विहिरींची आणि चिबड जमिनीची माहिती पुन्हा पहिल्यापासून विचारत बसावं लागणार नाही, आणि गेल्या वर्षीचा सल्ला लागू पडला की नाही, हे त्याच शेतकऱ्याला विचारता येईल.